एक महिना आधीची दशमी

अण्णा, आज नळाला पाणी आलेलं नाही, टँकर दहाला येईल म्हणतात, म्हणून सकाळचा एवढा वेळ माझ्या हातात रिकामा आहे. एरवी या वेळेला मी बादल्यांमध्ये असते. तुम्हांला सांगायची एक गोष्ट गेले आठ दिवस घशाशी अडकली आहे. ह्यांना सांगितली तर हसतील, आणि धाकटीला सांगायची तर जीभ उचलत नाही. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा तुम्हांला सांगायला हरकत नाही.

आधी आपल्या स्वयंपाकघराची आठवण देते. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची आणि धाकटी सहाची. घरात घड्याळ नव्हतं. चुलीच्या वरचं एक कौल सरकलं होतं, तिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा, आणि तो कुठे आला की भात टाकायचा यासाठी तुम्ही जात्याजवळ गेरूची खूण करून दिली होतीत. कवडसा खुणेला शिवला की तांदूळ चुलीवर, तुम्ही नदीवरून आंघोळ करून येईपर्यंत भात तयार, जेवून तुम्ही शाळेत शिकवायला. सगळा हिवाळा हे सुरळीत चाललं. मला तर वाटायचं, आई गेली पण घर माझ्या हाताने वेळेवर चाललंय. मग उन्हाळा लागला. एक दिवस मी तांदूळ धुऊन खुणेजवळ बसले, बसले, आणि कवडसा खुणेला शिवेचना. मी वाटच बघत राहिले. तुम्ही ओल्या पंच्याने दारात आलात, पान मांडलेलं नाही, भात टाकलेला नाही, आणि तेवढ्यात शाळेची पहिली घंटा झाली.

धाकटी जात्यावर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "ताई, तो नाहीच येणार खुणेवर. तो बाजूने गेला मगाशी. मी बघितला."

"मग सांगितलं का नाहीस ग भवाने?"

"तू विचारलंस कुठे?"

तुम्ही रागावायच्या ऐवजी हसलात, अण्णा. तिला उचललंत आणि विचारलंत, "मग सांग बरं, वेळ कोणाची? सूर्याची की खुणेची?" ती म्हणाली, "सूर्याची. खूण तर तुम्ही काढली." सहा वर्षांची पोर. तुमचा चेहरा असा उजळला की तो उजेड मला अजून दिसतो. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "खाली काय बघत बसलीस? वर बघायचं होतं." आणि उपाशीपोटी शाळेत गेलात. धाकटीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायला मात्र विसरला नाहीत.

त्या दिवसापासून तुमची संध्याकाळ तिची झाली. तुम्ही तिला पंचांग शिकवायचात, चंद्र वर्षाला अकरा दिवस मागे पडतो आणि मग अधिक महिना घालून माणसं तो फरक भरून काढतात, तिथी म्हणून तारखेच्या कधी पुढे असते कधी मागे, हे सगळं. मी चुलीजवळ भाकऱ्या थापत ऐकत असायची. ऐकलेलं सगळं माझ्या लक्षात राहिलं, पण मला कोणी प्रश्न विचारला नाही, त्यामुळे ते मला येतं हे कोणाला कळलं नाही. मॅट्रिकनंतर माझं लग्न झालं आणि मी ह्यांच्या कारखान्यापायी फरीदाबादला आले. धाकटी गणित घेऊन पुढे शिकली. तुम्ही म्हणाला होतात, "तुझं घर चांगलं मार्गी लागलं, आता हिला वेळ देऊ." वेळ देऊ म्हणालात. मी तेव्हाही मनात म्हटलं, मला कधी दिलात?

इथे आल्यावर माझ्या वेळेचे मालक बदलले, एवढंच. पाण्याची वेळ साडेपाच, कारखान्याचा भोंगा आठचा, दूधवाला त्याच्या मर्जीचा आणि वीज सरकारच्या मर्जीची. पण त्यात माझी एक जागा होती. मग बाजार उघडला म्हणतात ती वर्षं आली आणि गुडगावच्या शेतांतून उंच इमारती उगवायला लागल्या, आणि एके दिवशी धाकटीचे यजमान कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून नवव्या मजल्यावर राहायला आले. ती तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागली. तुमचाच पेशा. माझ्या घरापासून तिचं घर दोन बस बदलून अडीच तासांवर, पण मला वाटलं माझ्याच गच्चीवर येऊन बसली. देवाला हात जोडून सांगते, तिचं चांगलं झालं याचं मला वाईट वाटलं नाही. फक्त जरा जास्तच चांगलं झालं, असं वाटलं.

तिच्याकडे पाणी चोवीस तास. वीज गेली तर जनरेटर. कपडे यंत्र धुतं, भांडी बाई घासते, खालून वर लिफ्ट नेते. आणि फोन केला की काय, "ताई, टाइमच नसतो ग." मी म्हणायची, "सगळी कामं दुसरेच करतात, मग तुझा वेळ नेतं कोण?" ती हसायची. मी हसत नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुम्ही इकडे आलात ते पहिलं आणि शेवटचं. घरखर्चाची वही मी ठेवते, तिच्या मागच्या पानावर मी तुमचे दिवस लिहिले होते. माझ्याकडे अकरा, तिच्याकडे एक्केचाळीस. दवाखाना तिकडे जवळ होता, जिना नव्हता, हे मला समजतं. पण लिहिलं की ते दिसतं. माझ्याकडे तुम्ही पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात पाट टाकून बसलात आणि म्हणालात, "इथे ऊन कुठून येतं ग?" मी म्हटलं, "येत नाही अण्णा, उत्तरेचं आहे, समोर भिंत." तुम्ही "असं होय" म्हणालात आणि चहा प्यायलात. तिच्याकडे मोठ्या काचेतून ऊन थेट आतल्या भिंतीवर. तिथे तुम्ही सकाळच्या चहाच्या वेळेला पेन्सिलीने रेघ ओढलीत. जावई संध्याकाळी उठून नाश्ता करायचे, अमेरिकेच्या घड्याळावर त्यांचं ऑफिस, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जावईबापू कुठल्या देशाच्या सूर्यावर जेवतात?" तिथे सगळे हसले. हे मला धाकटीने सांगितलं. तुमचे विनोद मला तिच्याकडून ऐकावे लागले.

ती रेघ अजून आहे, अण्णा. तिने दोनदा घराला रंग दिला आणि दोन्ही वेळा रंगाऱ्याला हाताएवढी जागा सोडायला लावली. पिवळ्या भिंतीवर जुन्या पांढऱ्या रंगाचा तुकडा आणि त्यात तुमची रेघ. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी म्हटलं, "डाग राहिलाय." 

शेवटच्या आठवड्यात मी एकदा तिच्याकडे आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, ऊन त्या रेघेवरून पुढे गेलं होतं. निघताना तुम्ही म्हणालात, "थांब की थोडी. वेळ काय पळून चाललीय?" मी म्हटलं, "पाणी जाईल अण्णा, पहाटे भरायचं असतं, आता निघाले तर शेवटची बस मिळेल." तुम्ही धाकटीकडे बघून म्हणालात, "हिची वेळ नळाची." थट्टेनेच म्हणालात. मी चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. तुमचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पोचले तेव्हा ती म्हणाली, "पावणेतीन वाजले होते ताई, मी घड्याळ बघितलं." तिचं ते पावणेतीन मला आजवर सहन झालेलं नाही. तारीख तिची झाली, वेळ तिची झाली. मला तिथी उरली.

आणि तिथी मी धरली. आषाढ वद्य दशमी, गावाकडून पंचांग बघून कळवलेली. आम्हां बहिणींना भाऊ नाही, म्हणून श्राद्ध असं कोणी करत नाही, पण दर वर्षी त्या दिवशी मी गच्चीवर तुमचं पान ठेवते. भात, वरण, अळू मिळालं तर अळू, खीर, आणि तुम्हांला आवडायची ती तिळाची चटणी. आमच्या मंदिरातल्या पंडितजींना शिधा देते आणि ते तुमच्या नावाने पाणी सोडतात. धाकटी तारखेने करते, जुलैच्या शेवटी. म्हणजे काय करते, तर फोटोला हार घालते आणि शाळेतल्या शिपायांना जेवायला घालते. मी तिला ऐकवत आले, "तारीख माणसांनी केली ग. चंद्र देवाने केला. अण्णांना तारखेने कसं पोचेल?" तुमचाच प्रश्न, तुमच्याच लाडकीला उलटून. ती म्हणायची, "असेल ताई, मला इंग्रजी तारीखच लक्षात राहते." आणि मला पोटातून बरं वाटायचं. गणित तिला आलं, पण देवाचा हिशेब माझ्याकडे होता.

या गुरुपौर्णिमेला ती आली. सुट्टीत पुण्याला गेली होती, तिकडून आपलं मराठी कॅलेंडर आणलं होतं. "अर्धं वर्ष संपलंय म्हणून दुकानदाराने असंच दिलं, ताई. तुला चालेल ना?" फुकटचं मला चालतं हे ती जाणून आहे. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी दिल्लीहून मराठी कॅलेंडर मागवायची. मग म्हटलं, वाणी हिंदी कॅलेंडर फुकट देतो, एकादशी, चतुर्थी सगळं त्यात असतं, चंद्र काही वेगळा नाही. तेव्हापासून भिंतीवर वाण्याचंच. तर ती म्हणाली, "या वर्षी मीही तुझ्याबरोबर पान ठेवीन म्हणते. तिथी कधी आहे?"

मी म्हटलं, "केव्हाच झाली. तुझी तारीख यायची आहे वाटतं अजून?"

"मला सांगायचंस ना ग. आले असते."

"तुला टाइम असतो का?"

तिचा चेहरा पडला. पर्स उचलली आणि गेली. सरबत अर्धं तसंच. मी मनात म्हटलं, एकदा तरी मी वरचढ ठरले. मग भांडं उचलून ठेवलं आणि कॅलेंडर लावायला म्हणून उघडलं, तर आपल्या कॅलेंडरात आषाढ वद्य दशमी यायची होती. अजून दहा दिवस होते.

मी चष्मा पुसला. वाण्याचं कॅलेंडर शेजारी धरलं. त्यात आषाढ कृष्ण दशमी वीस दिवसांपूर्वी होऊन गेलेली, मीच पेनाने गोल केलेला, 'अण्णा' लिहिलेलं. आणि मग हळूहळू उलगडलं. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून वद्य पक्ष त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या नावावर जातो. आपला आषाढ वद्य, तो यांचा श्रावण. आणि यांच्या आषाढातली वद्य दशमी, ती आपली ज्येष्ठातली. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही! यांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो, शेजारणी सोमवार धरतात तेव्हा मी दर वर्षी म्हणते, आमचा अजून यायचा आहे. हे मी श्रावणाला लावलं, आणि तुमच्या तिथीला लावलं नाही. अकरा वर्षं, अण्णा, मी तुमचं पान एक महिना आधी ठेवत आले. आणि तुमच्या खऱ्या दिवशी माझ्याकडे काय होतं? एखादी उसळ, पोळी. गच्चीवर कपडे वाळत.

तुम्ही म्हणाला होतात वर बघायचं. पण वर बघून काय कळणार होतं? वद्य दशमीचा चंद्र सकाळी पाणी भरताना मला दर महिन्याला दिसतो, अर्ध्याहून जरा कमी, डोक्यावर. ज्येष्ठातला तसाच, आषाढातला तसाच. त्याच्या अंगावर महिना लिहिलेला नसतो. चंद्र देवाचा आणि महिन्याचं नाव माणसांचं, आणि माणसांनी सुद्धा दोन ठिकाणी दोन नावं ठेवली. धाकटीला इतकी वर्षं मी जे ऐकवलं ते अर्धंच खरं होतं. ती तुम्हांला तारखेने जेवायला घालत होती आणि निदान त्या पंधरवड्याच्या आसपास तरी होती. मी देवाच्या चंद्राने घालत होते आणि महिनाभर दूर.

मी पंडितजींकडे गेले. पदर घट्ट धरून विचारलं. ते म्हणाले, "बहनजी, आपने आषाढ बोला, हमने आषाढ पढ़ दिया. हमको क्या पता आपके यहाँ का." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अरे, मन छोटा मत कीजिए. पितरों का एक दिन होता है हमारा पूरा एक महीना. आप एक दिन जल्दी पहुँच गईं, बस." त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. मी प्रसाद घेऊन पायऱ्यांवर आले आणि तिथेच बसले. एक दिवस आधी. मी एक दिवस आधी आले आणि निघून गेले. दर वर्षी तेच केलं, अण्णा. तुम्ही थांब म्हणत असाल, आणि मी पान ठेवून, कावळा शिवला की खाली, नळाकडे.

कावळा मात्र दर वर्षी शिवला. हे मी मुद्दाम लिहिते. फरीदाबादला कावळे आता कमी झालेत, तरी माझ्या पानाला कधी वाट बघायला लागली नाही. त्याला तिथी कळत नसेल. की तुम्हीच येत होतात, दिवस मोजल्याशिवाय? मला हे दुसरं खरं वाटून घ्यायचं आहे. देवापुढे बसून मी रोज तेच मागते.

काल धाकटीला फोन केला. चार वेळा नंबर फिरवून ठेवला, पाचव्यांदा लावला.

"परवा ये," मी म्हटलं. "दशमी परवा आहे."

"पण ताई, तू तर झाली म्हणालीस."

"ती यांची झाली. आपली परवा."

ती गणिताची बाई. तिला किती वेळ लागणार? "म्हणजे ताई, एवढी वर्षं..."

"कुकर लागलाय माझा, ठेवते," मी म्हटलं. कुकर लागला नव्हता. पण तिने घाईने विचारलं, "तिळाची चटणी मी करून आणू? तुझ्यासारखी नाही जमत, पण आणते. रजा टाकते मी." मी "आण" म्हटलं आणि ठेवला.

ती मला हसली नाही. हसली असती तर सोपं गेलं असतं. सहा वर्षांची असताना कवडसा बाजूने गेलेला तिला दिसला आणि तिने सांगितलं नाही, याचा राग मी पन्नाशी उलटली तरी धरून आहे. आता तिला सगळं दिसलं आणि तिने चटणीचं विचारलं.

टँकरचा भोंगा वाजतोय, आवरतं घेते. हा कागद कुठे टाकणार, वहीत ठेवीन. पण एक लिहायचं राहिलं आणि ते लिहिल्याशिवाय उठता येणार नाही. तिथी तारखेच्या कधी पुढे जाते, कधी मागे, हे मी भाकऱ्या थापताना तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. माझी तिथी अकरा वर्षांत एकदाही तिच्या तारखेच्या मागे गेली नाही. दर वर्षी आधी. कधी पंधरा दिवस, कधी दीड महिना, पण आधीच. पै-पैचा मेळ घालणाऱ्या बाईला हे दिसलं नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही ऐकाल का? मला तिसऱ्याच वर्षी दिसलं होतं. पण तिच्याआधी माझं पान तुमच्यापुढे जात होतं. म्हणून मी कोणाला विचारलं नाही.

उद्या पहिला घास तिला ठेवू द्यायचा, असं ठरवलं आहे. ठरवलं आहे, एवढंच लिहिते.